आडवे शब्द, उभे शब्द आणि मुअम्मा

आमच्या लातूरच्या शाळेत स्टाफरूममध्ये रविवारची पुरवणी सोमवारी उघडते. मधल्या सुट्टीत शब्दकोडं सोडवायचं, हा आम्हा तीन-चार जणांचा जुना रिवाज. एका सोमवारी इतिहासाचे सर एका ओळीवर अडले आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "सर, हे तुम्हीच बघा. तुमच्याकडचा शब्द दिसतोय."

ओळ होती, ‘निजामकाळातील इनामाचा दस्तऐवज’. चार अक्षरं, शेवटचं ‘ब’. मी लिहिलं, मुंतखब. बसला. चहा आला, विषय संपला.

माझ्या डोक्यातून ‘तुमच्याकडचा’ मात्र गेला नाही. सरांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण ओळ पुन्हा वाचा. निजाम, इनाम, दस्तऐवज हे तिन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले. ते सरांना कोणाकडचे वाटले नाहीत, कारण ते कळत होते. जो कळला नाही, तो ‘तुमच्याकडचा’ झाला. आणि मुंतखब काही फक्त दर्ग्याच्या मुजावराला मिळत नव्हता. हैदराबाद संस्थानात देवळांच्या इनामांनाही मुंतखब असायचे. नांदेडकडच्या आणि लातूरकडच्या किती तरी मराठी घरांच्या ट्रंकेत तो कागद आजही असेल. शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे, निवडलेला. उर्दू वर्तमानपत्रं निवडून आलेल्या आमदाराला आजही मुंतखब नुमाइंदा म्हणतात.

शब्द जन्मतः अवघड नसतो, राज्य बदललं की तो अवघड होतो. हे आपल्याकडे दोन्ही बाजूंनी घडलेलं आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय ठरले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. एका राज्यकर्त्याला आपला कारभार आपल्या भाषेत हवा वाटला, यात मला खटकण्यासारखं काही दिसत नाही. गंमत पुढची आहे. कोशाने बदललेला ‘पेशवा’ पुढे असा काही रुजला की एका अख्ख्या काळाला त्याचं नाव मिळालं, आणि मुजुमदार आडनाव होऊन घरोघरी राहिले. अमात्य आज भेटतो तो कोड्याच्या चौकोनात.

आणि आपलीही चूक सांगायला हवी. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं, उर्दूतून उच्च शिक्षण देणारं. त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झालेल्या तिथल्या दारुत्तर्जुमाने, म्हणजे भाषांतर विभागाने, विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळ्याला उर्दू संज्ञा घडवल्या. काम मोठं होतं, पण त्यातल्या कितीतरी संज्ञा अरबीने इतक्या जड झाल्या होत्या की उर्दू बोलणाऱ्या पोरालाही त्या कोड्यासारख्याच वाटाव्यात. ज्या रयतेची बोली मराठी, तेलुगू, कन्नड होती, तिचं तर विचारायलाच नको. 17 सप्टेंबर 1948 नंतर उर्दू कचेरीतून गेली आणि तिचे शब्द हळूहळू कागदांच्या गठ्ठ्यात आणि पुरवणीच्या कोपऱ्यात जाऊन बसले.

आडव्या-उभ्या शब्दांचं कोडं हा खेळ तसा परदेशी. 21 डिसेंबर 1913 ला आर्थर विन यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं कोडं छापलं. त्याचा गूढ अवतार इंग्लंडमध्ये वाढला. तिथे ओळीचा वरवरचा अर्थ फसवा असतो आणि उत्तर शब्दांच्या मोडतोडीत लपलेलं असतं. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये 1926 पासून अशी कोडी रचणाऱ्याने टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा. हा पंधराव्या शतकातला स्पेनच्या इन्क्विझिशनचा पहिला प्रमुख. 1939 मध्ये त्याची जागा घेणाऱ्याने नाव घेतलं झिमेनीझ, म्हणजे कार्डिनल सिस्नेरोस. त्याने 1499 च्या सुमारास ग्रॅनाडात मुसलमानांचे जबरी बाप्तिस्मे करवले आणि चौकात अरबी पुस्तकांची होळी केली. 1972 मध्ये आलेला रचनाकार अझेड. त्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की डेझा मिळतो, तोही इन्क्विझिशनचा प्रमुखच. सोडवणाऱ्याचा छळ करायचा, एवढाच त्यातला विनोद. ज्याच्या गोव्यात ही न्यायसभा 1560 ते 1812 या काळात बसत होती, त्याला हसू जरा उशिरा येतं.

पण गोष्ट इथे वळते. पहिला टॉर्केमाडा, खरं नाव एडवर्ड पॉविस मॅथर्स, हा अरेबियन नाइट्सचा भाषांतरकार होता. मार्द्रुसच्या फ्रेंच अनुवादावरून त्याने हजार रात्री इंग्रजीत आणल्या. संस्कृत चौरपंचाशिकेचंही त्याने स्वैर रूपांतर केलं. अरबी ग्रंथ जाळणाऱ्यांच्या पंगतीतलं नाव लावून बसलेला हा माणूस शहरजादीच्या गोष्टींत रमलेला होता.

आणि शब्दांच्या मोडतोडीचा खेळ आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होता. त्याचं नाव मुअम्मा, म्हणजे झाकून, आंधळं करून ठेवलेलं. फारसी शेरात एखाद्याचं नाव लपवायचं आणि ते अक्षरं कापून, उलटून, जोडून शोधायचं. ग्रॅनाडा पडलं त्याच वर्षी, 1492 मध्ये, हेरातला वारलेल्या मौलाना जामींनी या कलेवर छोटे ग्रंथ लिहिले होते. त्यांच्याच काळातल्या मीर हुसेन यांना तर लोक मुअम्माईच म्हणत. बाबराच्या आत्मचरित्रात त्यांचा उल्लेख आहे.

मुलांना मी एक घरगुती मुअम्मा देतो. ‘किताबाचं शीर उडवलं तरी ताकद उरते.’ ‘कि’ काढा, ताब राहतो. उर्दू लिपीतही ‘काफ’ काढला की ताबच. याचंच भावंडं तारीखगोई. अब्जद पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक आकडा, आणि त्यांची बेरीज म्हणजे हिजरी सन. गाडीवर 786 लिहिणारा हाच हिशेब वापरतो. अल्लाह 66, मुहम्मद 92. जुन्या शिलालेखांत कधी कधी सन असा वाक्यात लपवलेला असतो, आणि बेरीज जुळत नसेल तर ओळीतच कुठेतरी इशारा असतो की अमुक अक्षर वजा करा. कंधारच्या, उदगीरच्या किल्ल्यात फारसी लेखांसमोर फोटो काढणारी आपली पोरं कदाचित अशाच एखाद्या कोड्याला पाठ करून उभी असतील.

लिपी बदलली की खेळ बदलतो, हे दोन्ही भाषा शिकवताना रोज दिसतं. देवनागरीत रसद हलवली की सदर होते. उर्दूत हे जमत नाही, कारण रसदेचा ‘सीन’ वेगळा आणि सदरेचा ‘स्वाद’ वेगळा. देवनागरीत हवा उलटी केली की वाह! उर्दूत ती उलटून वाह हाती लागत नाही. दोन्ही शब्द आपल्या कानांना उर्दू, पण ही करामत फक्त मराठीच्या चौकोनात होते.

अब्बांच्या पिढीला मुअम्मा म्हटलं की जामी नाही, दिल्लीचं ‘शमा’ मासिक आठवायचं. त्याच्या अदबी मुअम्म्यावर लोक तुटून पडत. अशा बक्षिसांच्या स्पर्धांत अनेकदा रिकाम्या जागी दोन शब्द सारखेच चपखल बसायचे आणि खरं कोणतं हे आधीच ठरलेलं असायचं. मग हे ज्ञान की जुगार? मशिदीबाहेर हा वाद व्हायचा, कोर्टातही झाला. 1955 च्या केंद्रीय कायद्याने महिन्याच्या बक्षिसाला हजार रुपयांची आणि प्रवेशिकांना दोन हजारांची मर्यादा घातली. एप्रिल 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगारी स्वरूपाच्या कोड्यांना व्यवसायाच्या हक्काचं संरक्षण नाकारलं, कौशल्याच्या स्पर्धा मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचं सांगितलं. अब्बा दोन्ही बाजूंनी बोलत, आणि कूपन भरत.

परवाच्या सोमवारी ओळ आली, ‘शिवकाळात परराष्ट्र व्यवहार पाहणारा’. तीन अक्षरं. मी पेन्सिलीने ‘डबीर’ लिहून टाकलं. सर म्हणाले, "खोडा, सुमंत आहे." दोन्ही तीन अक्षरी, दोन्ही बरोबर. शेवटच्या चौकोनातून खाली एक उभा शब्द जात होता, त्यावर सगळं ठरणार होतं. ‘तालुक्याच्या वसुलीची कचेरी’, चार अक्षरं. तहसील. ‘त’ मिळाला आणि सुमंत जिंकला.

"तहसीलने जिंकवलं तुम्हाला," मी म्हणालो. सर खोडरबर शोधत होते.