हिमपादुका

कॅनडाच्या अरण्यात हिवाळी शिकारीस निघणाऱ्याने आधी पादुका पारखाव्या, मग शस्त्र, असे म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. परंतु जेथे माणूस मांडीपर्यंत बर्फात रुततो, तेथे पावलाखालचा विस्तार वाढवून देहाचा भार वाटून देणे हाच उपाय होय. लाकडी चौकट वाकवून तीत कातड्याच्या वाद्यांची जाळी विणली की हिमपादुका सिद्ध झाली. निवड मात्र भूमी पाहून करावी लागे. दाट झाडीत वळावयास आखूड व रुंद पादुका सोयीची. मोकळ्या मैदानात लांब व निमुळती. बर्फ जितका भुसभुशीत, ओझे जितके अधिक, तितकी ती मोठी हवी.

फ्रेंच प्रवासी शांप्लें याने सेंट लॉरेन्स नदीकाठच्या मूळ रहिवाशांच्या या पादुकांचे वर्णन १६०३ साली केले. आपल्याकडील रॅकेटीच्या त्या दुप्पट-तिप्पट मोठ्या, असे तो लिहितो. त्याच्या ग्रंथाचे नाव मात्र ‘रानटी लोक’ अशा अर्थाचे!

पुढे १७५७ च्या जानेवारीत टिकॉन्डरोगाजवळ फ्रेंचांनी रॉजर्स नामक सेनानीच्या इंग्रजपक्षीय तुकडीस दबा धरून गाठले. तुकडी संख्येने थोडी, पण तिच्या पायी हिमपादुका होत्या. फ्रेंच सैनिकांपाशी त्या नव्हत्या. गुडघाभर बर्फात त्यांची हालचाल खुंटली. तुकडीची हानी मोठी झाली, तरी उरलेली माणसे रात्री निसटली.

ज्यांस रानटी म्हटले त्यांचीच विद्या अशी प्राणरक्षक ठरली. भूमी ओळखणाऱ्यास अडाणी कोणत्या तोंडाने म्हणावे, हे आम्हांस कळत नाही.