बेबाक खातं उघडं का ठेवायचं?

'बेबाक' हा शब्द हल्ली बिनधास्त बोलणाऱ्यासाठी वापरतात. पण आमच्या नांदगावच्या बाजारात त्याचा जुना अर्थ अगदी रोखठोक. बाकी उरली नाही, खातं बेबाक झालं, माणूस मोकळा.

अण्णा (आमचे तीर्थरूप) याच हिशेबाने जगले. त्यामुळे २००५ साली घेतलेलं, आता कपाटात पडून असलेलं क्रेडिट कार्ड मी बंद करत नाही, हे त्यांना पटत नाही. "देणं नाही, तर खातं उघडं कशाला?"

या धास्तीला इतिहास आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ला संपलं आणि इथले कापसाचे चढे भाव कोसळले. त्यात शेतसारा वाढलेला. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले, लोण नगर जिल्ह्यात गेलं. रोख मुख्यतः खतं-रोख्यांवर होता. कागद हाती आले की जाळायचे. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसची एकच कॉपी, आणि तीही समोरच्याकडे! फेडलेलं त्यात लिहिलंय की नाही, हे निरक्षर कुणबी कसं तपासणार?

सरकारने १८७९ला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आणला. पैसे मिळाले की पावती द्या, हिशेबाचा उतारा द्या. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोर्टाने नुसतं खत बघायचं नाही, व्यवहार सुरू झाल्यापासूनचा इतिहास उकरायचा. सुरुवातीला हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर एवढ्यांनाच होता. आमचा नाशिक जिल्हा बाहेरच.

म्हणजे जुना हिशेब तेव्हा कुळाच्या बाजूने उभा राहू शकला. आज तेच काम माझं कार्ड करतंय.

२००० साली मुंबईत सिबिल स्थापन झाली. कर्ज देणारा आता तिथला उतारा बघतो. कार्ड बंद केलं म्हणून नोंद लगेच पुसली जात नाही, निदान सात वर्षं राहते. पण मर्यादा मात्र लगेच जाते. समजा जुन्या कार्डाची मर्यादा ४०,०००, नव्याची ६०,०००, आणि महिन्याचा खर्च ३०,०००. वापर ३० टक्के. जुनं बंद केलं की तोच खर्च ५० टक्के दिसतो, म्हणजे हात आखडलेला माणूस! गृहकर्जाच्या तोंडावर हे परवडत नाही. (वार्षिक फी असेल तर मात्र खुशाल बंद करा. इतिहासासाठी दरसाल पैसे मोजणं मला तरी जमणार नाही.)

नुसतं कपाटात ठेवूनही भागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांनुसार वर्षाहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँक कळवून बंद करू शकते, ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर. म्हणून मी सहा महिन्यांतून एकदा त्यावर पेट्रोल भरतो आणि बिल आलं की त्याच दिवशी बेबाक करतो.