गडाख–विखे निवडणूक खटला

अहमदनगर (आता अहिल्यानगर) लोकसभा मतदारसंघातील १९९१ च्या निवडणुकीवरून झालेला खटला. प्रचारसभांतून प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी खोटी विधाने केल्याच्या कारणावरून त्यात निवडून आलेल्या खासदाराची निवड रद्द झाली. प्रचारातल्या खोट्याला कायदा कुठवर गाठू शकतो, याचा महाराष्ट्रातला हा सर्वांत ठळक दाखला असून मोबाइलवरून पसरणाऱ्या अपप्रचाराचा विचारही येथूनच सुरू करावा लागतो.

लोणीचे बाळासाहेब विखे पाटील हे १९७१ पासून शेजारच्या कोपरगावचे खासदार. १९९१ मध्ये काँग्रेसची उमेदवारी न मिळाल्याने ते अहमदनगरमधून अपक्ष उतरले. समोर विद्यमान खासदार, सोनईचे यशवंतराव गडाख. गडाखांच्या पाठीशी मुख्यमंत्री शरद पवार. दोन्ही घराणी साखर कारखानदारीतली, त्यामुळे लढत लोणी विरुद्ध सोनई अशीही होती. राजीव गांधी यांच्या हत्येमुळे पुढे गेलेले मतदान जूनमध्ये झाले आणि गडाख मोठ्या फरकाने निवडून आले.

विखे यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका दाखल केली. विखे पैसे वाटून मते विकत घेणार, पाठिंब्यासाठी त्यांनी पैसे देऊ केले, अशा आशयाची विधाने आपल्याविरुद्ध सभांतून झाली आणि ती खोटी होती, असे त्यांचे म्हणणे होते. आधार होता लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२३ (४) चा. या कलमाखाली केवळ खोटे बोलणे पुरत नाही. विधान वस्तुस्थितीविषयी हवे, उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याशी किंवा वर्तनाशी संबंधित हवे, बोलणाऱ्याचा त्यावर स्वतःचाच विश्वास नसावा, त्याने निवडणुकीत नुकसान होण्याजोगे असावे. आणि ते उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी केलेले असावे. म्हणजे सभेचे गाव, तारीख, वक्ता आणि नेमके शब्द, सगळे पुराव्यानिशी उभे करायचे. वर्तमानपत्राचे कात्रण एकटे चालत नाही. बातमी लिहिणाऱ्याची साक्ष लागते.

१९९३ मध्ये उच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द केली, विखे यांना विजयी घोषित केले आणि पुन्हा मुख्यमंत्रिपदावर आलेल्या पवारांवरही त्याच कायद्याच्या कलम ९९ खाली गैरप्रकाराचा ठपका ठेवला. राज्यभर गाजला तो हा भाग. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९३ मध्ये निवड रद्द ठरवणारा भाग कायम ठेवला, पण पवारांवरचा ठपका काढला आणि विखे यांना विजयी ठरवणेही अमान्य केले. खोट्या प्रचारामुळे नेमकी किती मते फिरली, हे सिद्ध झाल्याशिवाय पराभूताला खासदार करता येत नाही. निकालपत्र लिहिणारे न्या. जे. एस. वर्मा यांनी प्रचाराची पातळी राखण्याची जबाबदारी ज्येष्ठ नेत्यांवर अधिक असल्याचे बजावले. पोटनिवडणुकीत काँग्रेसचेच दादा पाटील शेळके निवडून आले. विखे–पवार वैराचे मूळ म्हणून जिल्ह्यात या खटल्याचे नाव आजही निघते. २०१९ मध्ये बाळासाहेबांचे नातू सुजय विखे भाजपमध्ये गेले तेव्हाही ते निघाले.

निकाल लागला, पण जवळजवळ अडीच वर्षांनी. कायद्यात याचिकेसाठी ४५ दिवसांची मुदत आहे आणि ती शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी, असेही म्हटले आहे. व्यवहारात तसे क्वचितच होते. निनावी क्लिपला मात्र मतदानाआधीची एक रात्र पुरते.

१९ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री, भाजपने काही ध्वनिफिती प्रसारित केल्या. शरद पवारांच्या कन्या, खासदार सुप्रिया सुळे आणि काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले बिटकॉइनच्या पैशांविषयी बोलत असल्याचा त्यांत दावा होता. सुळे यांनी आवाज आपला नसल्याचे सांगून तक्रार केली. चुलत भाऊ अजित पवार यांनी मात्र आवाज ओळखीचा असल्याचे मतदानाच्याच दिवशी सांगितले. तथ्यतपासणी करणाऱ्यांना त्या फिती बहुधा कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या आढळल्या, पण तोवर मतदान सुरू झाले होते. कलम १२३ (४) येथे लावू पाहिले तर अडचण लगेच दिसते: सुळे त्या निवडणुकीत उमेदवारच नव्हत्या, आणि पटोले उमेदवार असले तरी साकोलीतून २०८ मतांनी निवडून आले. विजेत्याने निवडणूक याचिका करायची कोणाविरुद्ध?

निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ च्या सूचनेत, बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत तो काढून टाकण्याचे बंधन पक्षांवर घातले. उपाय योग्य, पण तो पक्षाच्या अधिकृत खात्यापुरता. ‘हे मी बनवलेले नाही, मला आले ते पुढे ढकलले,’ असे गावातल्या ग्रुपचा कोणीही सदस्य म्हणू शकतो, आणि उमेदवाराची संमती सिद्ध करण्याचा धागा तेथेच तुटतो. १९९१ मध्ये व्यासपीठावर माइकसमोर माणूस उभा होता. याचिकेत लिहायला नाव होते.

मतदानयंत्रांविषयीची शंका हा वेगळा विषय असून त्याची सरमिसळ नको. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत याच मतदारसंघात नीलेश लंके यांच्याकडून २८,९२९ मतांनी हरल्यावर सुजय विखे यांनी ४० केंद्रांवरील यंत्रांची पडताळणी मागितली. ती सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी घालून दिलेली, शुल्क भरून करायची रीतसर प्रक्रिया होती. ‘यंत्र हॅक करून देतो’ असे सांगणाऱ्या व्हिडिओंची जात निराळी; तशा दाव्याबद्दल मुंबईच्या सायबर पोलिसांनी २०२४ च्या अखेरीस गुन्हा नोंदवला.

उमेदवाराविषयी खोटे विधान करणे हा फौजदारी गुन्हाही आहे: पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम १७१-जी, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १७५. दोन्हींत शिक्षा एकच, दंड.