हंटरचें हृदय

जॉन हंटर हा अठराव्या शतकांतील लंडनचा अग्रगण्य शस्त्रवैद्य. असंख्य शवें चिरून ज्यानें शरीराचीं गुह्यें उकललीं, त्याला स्वतःच्या छातींतील गुह्य मात्र उमगलें नाहीं. १७७३ सालीं त्याच्या पोटांत विलक्षण कळ आली. आरशांत पाहतां चेहरा प्रेतासारखा पांढरा. हाताची नाडी लागेना! त्या प्रसंगांतून तो वाचला. परंतु पुढें श्रमानें, आणि विशेषतः रागानें, छाती आवळून येऊं लागली. स्वभाव तर मूळचाच तापट. आपल्याला चिडवूं पाहणाऱ्या कोणाही हलकटाच्या हातीं आपला जीव आहे, असें तो म्हणे.

या दुखण्याला विल्यम हेबर्डन यानें अँजायना हें नांव दिलें होतें. कारण मात्र अज्ञात होतें. तें हंटरच्या शिष्याच्या हातीं लागलें. हा शिष्य म्हणजे पुढें देवीच्या लशीमुळें जगद्विख्यात झालेला एडवर्ड जेन्नर. अशाच एका रोग्याचें हृदय चिरतांना त्याची सुरी कांहींतरी कठीण, खरखरीत वस्तूवर अडली. वर छत जुनें, पोपडे सुटलेलें. चुना गळाला असावा म्हणून त्यानें मान वर करून पाहिलें. पण तो चुना नव्हता. हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनीच हाडासारखी झाली होती! गुरूचीं लक्षणें त्याच्या डोळ्यांपुढें उभीं राहिलीं. उपाय तर कोणताच नव्हता. मग सांगून काय साधणार? जेन्नर गुरूजवळ कांहीं बोलला नाहीं. सत्यनिष्ठेला हें शोभलें काय, असें कोणी विचारील. शिष्याच्या मायेला तें शोभलें खरें.

१७९३ च्या १६ ऑक्टोबरला सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या सभेंत कोणीसें हंटरचें म्हणणें खोडून काढलें. तो मुकाट्यानें उठला, शेजारच्या खोलींत गेला आणि तेथील एका वैद्याच्या हातांवर कोसळला. शवविच्छेदनांत हृदयाच्या वाहिन्या कठीण झालेल्या आढळल्या. जेन्नरचा तर्क खरा ठरला.

वाहिनी बुजली कीं तिच्यावर पोसणारा हृदयाचा मांसल भाग उपाशी पडून मरतो. रोगी जगल्यास त्या जागीं नुसता व्रण उरतो. पण रोगी जगतो, हें मानावयास वैद्यक फार काळ तयार नव्हतें. वाहिनी एकाएकीं बुजणें म्हणजे तत्काळ मृत्यु, अशीच समजूत होती. १९१० सालीं कीव्ह येथील ओब्राझ्त्सोव्ह व स्ट्राझेस्को यांनीं, आणि १९१२ सालीं शिकागोच्या जेम्स हेरिकनें ती खोडून काढली. असा रोगी कांहीं तास, कांहीं दिवस जगतो, क्वचित् पूर्ण बराही होतो. त्याला निजवून ठेवा, असें हेरिक सांगत होता. प्रथम त्याच्याकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें इलेक्ट्रोकार्डिओग्रामच्या वांकड्या रेघांची साक्ष मिळाली, तेव्हां वैद्यांनीं कान दिला. विश्रांतीपलीकडे त्यांच्याजवळ तेव्हां फारसें कांहीं नव्हतें. बुजलेली वाहिनी पहिल्या कांहीं तासांत मोकळी करून मरूं घातलेलें मांस वाचविण्याची विद्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आली.