रणातील हत्या आणि प्रायश्चित्त

ख्रिस्ती धर्म पहिली तीन शतके पूर्णपणे युद्धविरोधी होता आणि सम्राट कॉन्स्टंटाइनचा राजाश्रय लाभताच तो तलवारीच्या बाजूला गेला, अशी मांडणी वारंवार आढळते. पण ती दोन्ही अंगांनी अपुरी आहे. कार्थेजचा लेखक तर्तुलियन सुमारे 211 साली ख्रिस्ती माणसाला सैनिकी पेशा निषिद्ध ठरवत होता, याचाच अर्थ तो पेशा पत्करलेले ख्रिस्ती लोक त्याच्या डोळ्यांसमोर होते. 295 साली आजच्या अल्जीरियातील तेबेस्सा येथे मॅक्सिमिलियन या 21 वर्षांच्या तरुणाने भरतीची शिशाची मुद्रा गळ्यात घालण्यास नकार दिला, तेव्हा प्रांताधिपती डिऑनने खुद्द सम्राटांच्या पथकांत ख्रिस्ती सैनिक असल्याचे त्याला सुनावले. त्यांचे त्यांना ठाऊक, असे उत्तर देऊन तो देहदंडाला सामोरा गेला.

नकाराचे कारणही एकच नव्हते. रक्तपाताइतकाच सम्राटाच्या नावाने घ्यावयाच्या शपथेचा आणि रोमन देवतांपुढील यज्ञाचा, म्हणजे मूर्तिपूजेचा, प्रश्न होता. म्हणूनच हिप्पोलितसच्या नावावर असलेली मंडळीची जुनी नियमावली आधीपासून सैनिक असलेल्याला, त्याने हत्या करू नये व शपथ घेऊ नये या अटीवर, स्वीकारते. बाप्तिस्म्याची तयारी करणारा दीक्षार्थी नव्याने सैन्यात जाऊ पाहील तर त्याला मात्र दूर करावे, असे बजावते.

राजाश्रयानंतर बदल झाला, हे खरेच. 314 साली आर्लच्या धर्मपरिषदेने शांततेच्या काळात शस्त्रे टाकणाऱ्यांनाच प्रभुभोजनापासून वंचित ठेवले, आणि पुढे ऑगस्टीनने वैध सत्तेने शांततेसाठी केलेल्या युद्धाचे समर्थन केले. परंतु या समर्थनाखाली जुनी अस्वस्थता जिवंत राहिली, आणि तिचा माग सिद्धांतांपेक्षा प्रायश्चित्ताच्या नियमांत अधिक स्पष्टपणे लागतो. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने रणातील हत्येला खून मानले नाही, तरी हात निर्मळ नसल्यामुळे अशा सैनिकांनी तीन वर्षे प्रभुभोजन घेऊ नये, असा सल्ला दिला. हा नियम व्यवहारात कितपत पाळला गेला याविषयी शंका घ्यायला जागा आहे. पण तो विसरला गेला नाही. दहाव्या शतकात बायझँटाइन सम्राट निकेफोरस फोकासने रणात पडलेल्या सैनिकांना रक्तसाक्षींचा, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांचा, मान मागितला, तेव्हा पॅट्रिआर्क पॉल्युक्टस आणि बिशपांनी बेसिलचाच आधार घेऊन राजेच्छा फेटाळली, आणि सत्तेच्या इतक्या जवळ असलेल्या धर्मसंस्थेने हे धैर्य दाखवावे, ही गोष्ट थोर आहे.

पश्चिमेत 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर नॉर्मन बिशपांनी विजयी सैन्यावरच प्रायश्चित्त लादले आणि पोपचा प्रतिनिधी एर्मेनफ्रिड याने त्याला मान्यता दिली: ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष, घायाळ केलेल्यामागे 40 दिवस, आणि आपल्या हातून किती मेले हे ज्याला सांगता येत नाही त्याने बिशपाच्या निर्णयानुसार आयुष्यभर आठवड्यातून एक दिवस प्रायश्चित्त करावे किंवा एखादे चर्च बांधावे.