कार्ट्रिज व टोनआर्म यांचा मेळ

ध्वनिमुद्रिका वाजविताना तिच्या खाचेतील नागमोडी वळणांनुसार सुई हालते. या हालचालीचे विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या लहानशा भागास कार्ट्रिज आणि तो भाग तबकडीवर तोलून धरणाऱ्या, एका टोकाशी खिळीवर फिरणाऱ्या दांडीस टोनआर्म म्हणतात. हे दोन भाग परस्परांस अनुरूप नसतील, तर उत्तम प्रतीचे कार्ट्रिजही ध्वनी बिघडविते व खाचेची कायमची झीज करते. बालगंधर्वांसारख्या (१८८८–१९६७) ज्या गायकांच्या ऐन उमेदीतील गायन केवळ तबकड्यांतच उरले आहे, त्यांच्या बाबतीत ही हानी भरून न येणारी असते.

आरंभीच्या यांत्रिक ग्रामोफोनमध्ये हा प्रश्न उद्भवला नव्हता. ध्वनिपेटी व तिची दांडी यांचा १०० ग्रॅमांहून अधिक भार पोलादी सुईवर पडे. लाखेच्या तबकडीत मिसळलेल्या खनिज भुकटीने सुईचे टोक खाचेच्या आकाराप्रमाणे घासले जाई. म्हणून प्रत्येक बाजूनंतर सुई बदलावी लागे. मुंबईत वडाळा येथे १९३५ पासून नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने काढलेल्या ‘यंग इंडिया’ छापाच्या तबकड्याही याच पद्धतीने वाजविल्या जात.

विद्युत् ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये प्रचारात आले व पुढील दशकात रोशेल लवणाच्या स्फटिकाची कार्ट्रिजे रूढ झाली. हे लवण दमट हवेत पाणी शोषून विरघळू लागते. मुंबईच्या उपनगरांत, उदा., सांताक्रूझ येथे, पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत ही कार्ट्रिजे टिकणे कठीण होते. पुढे बेरियम टिटॅनेटासारख्या सिरॅमिक पदार्थांनी हा दोष दूर केला. तथापि या प्रकारास सुईवर कित्येक ग्रॅम भार आवश्यक असे.

दीर्घवादन तबकडी (१९४८) व तिच्यानंतर दहा वर्षांनी बाजारात आलेली स्टीरिओ तबकडी यांच्या सूक्ष्म खाचांना एवढा भार सोसेना. त्यामुळे चुंबकीय कार्ट्रिजांचा प्रसार झाला. शुअर कंपनीच्या ‘व्ही १५’ (१९६४) या मालिकेत सुईचा आधार अतिशय लवचिक ठेवून भार १ ते २ ग्रॅमांच्या आसपास आणला गेला. याउलट ऑर्टोफोन कंपनीचे ‘एसपीयू’ (१९५९) हे कार्ट्रिज जड व ताठ होते. लवचिक सुईस हलकी दांडी व ताठ सुईस जड दांडी हवी, हे तत्त्व या दोन टोकांवरून स्पष्ट होते.

याचे कारण असे : सुईचा लवचिक आधार स्प्रिंगसारखा असून त्यावर दांडी व कार्ट्रिज यांचे, सुईच्या टोकाशी जाणवणारे वस्तुमान तोललेले असते. अशा रचनेस स्वतःची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) असते. एकूण वस्तुमान ग्रॅममध्ये व लवचिकता दर डाइन बलास सेंमी.च्या दशलक्षांशात घेऊन, १५९ ला त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाने भागल्यास ही कंप्रता हर्ट्झमध्ये मिळते. ती ८ ते १२ हर्ट्झ असणे इष्ट मानतात. त्याहून फार खाली गेल्यास तबकडीच्या वाकडेपणामुळे दांडी हेलकावे खाते. फार वर गेल्यास संगीतातील खर्जाचे स्वर विकृत होतात. लवचिकता ३० असलेले कार्ट्रिज एकूण २८ ग्रॅ. वस्तुमानाच्या रचनेत बसविल्यास कंप्रता सु. ५.५ हर्ट्झ येते. वस्तुमान १४ ग्रॅ. असल्यास ती सु. ८ हर्ट्झ होते. लवचिकता १० असल्यास मात्र २८ ग्रॅ. वस्तुमानही चालते व कंप्रता ९.५ हर्ट्झ येते.

उन्हाळ्यातील उष्णतेने तबकड्या वाकतात. अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड येथील रेल्वेमार्गालगतच्या इमारतींत जमिनीतून येणाऱ्या मंद कंपनांचीही भर पडू शकते. अशा ठिकाणी विजोड जोडीचा दोष अधिक जाणवतो. सुई उसळू लागली, की दांडीच्या टोकावर नाणे ठेवण्याचा घरगुती उपाय सर्रास केला जाई. पन्नास पैशांचे त्या काळचे नाणे सु. ५ ग्रॅ. भरे. त्यामुळे २ ग्रॅमांसाठी घडविलेल्या सुईवर ७ ग्रॅमांपर्यंत भार येई, वस्तुमान वाढून कंप्रता आणखी घटे आणि सुई खाचेत टिकली, तरी खाच झिजे.

कॅसेट व पुढे कॉम्पॅक्ट डिस्क यांमुळे तबकड्या मागे पडल्या. परंतु त्यांतील संगीत जतन करण्याची निकड वाढली. त्या दृष्टीने १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था महत्त्वाची आहे. शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिजांचे उत्पादन थांबविले. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या रुंद खाचेसाठी सु. ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. स्टीरिओ तबकडीसाठी सु. १८ मायक्रॉनांची सुई वापरतात. म्हणून जुनी तबकडी संगणकावर उतरवून घेण्यापूर्वी सुईचा आकार, तिच्यावरील भार व दांडीचे वस्तुमान या तिन्हींचा मेळ तपासून घेणे अगत्याचे असते. कारण चुकीच्या सुईने झिजलेली खाच पूर्ववत करता येत नाही.