डेव्हीसाहेबांची जाळी, जस्ताचा तुकडा आणि विरघळलेली टाकी

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. २००५ चा उन्हाळा. मी तेव्हा ऑनसाईट होतो, अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये. बॅचलर माणूस, गाडी नाही, शनिवार-रविवार म्हणजे लाँड्री आणि मॅगी. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. मी मनातल्या मनात त्यांना 'कप्तान' म्हणायचो, कारण त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातली एक जुनी मोटर यॉट होती. यॉट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मल्ल्या वगैरे येतात. तसलं काही नव्हतं. दोन पेट्रोल इंजिनं, एक छोटी केबिन आणि कायम येणारा ओलसर वास. एका शनिवारी त्यांनी विचारलं, "पाना धरायला येतोस का?" मी गेलो. आणि मग तो उन्हाळा त्यातच गेला.

प्रॉब्लेम साधा वाटत होता. इंजिन चालू व्हायचं, थोडा वेळ बरं चालायचं, मग धापा टाकायला लागायचं. कप्तानांनी फिल्टर बदलले. कार्ब्युरेटर उघडून धुतला. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉईल तपासली. मधे एकदा दोष इलेक्ट्रिकलचा की इंधनाचा यावर आमची तासभर चर्चा झाली. मी आपला सॉफ्टवेअरवाला, नेहमीचा प्रश्न विचारला, "शेवटचं नीट चालत होतं तेव्हापासून काय बदललं?" ते म्हणाले, "काहीच नाही. बोटीला मी हातसुद्धा लावलेला नाही."

हे वाक्य आपण सगळ्यांनी प्रॉडक्शन सपोर्टच्या कॉलवर ऐकलेलं आहे :)

त्यांचं म्हणणं खरंच होतं. बोटीत काहीच बदललं नव्हतं. पण त्या उत्तराकडे जाण्याआधी एक वळसा घ्यावा लागेल. त्या इंजिनरूममध्ये वाकून बसलेलं असताना मला दोन वस्तू दिसल्या होत्या. एक, कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसवलेला जाळीचा डबा. दोन, बाहेर प्रोपेलरच्या शाफ्टवर आवळलेला, अर्धवट कुरतडल्यासारखा दिसणारा जस्ताचा गोळा. एक वस्तू इंधनासाठी, दुसरी विजेसाठी. बऱ्याच वर्षांनी वाचताना कळलं की या दोन्हींचं मूळ एकाच माणसाकडे जातं, आणि तो माणूस मोटरबोटी यायच्या कितीतरी आधी वारला. सर हंफ्री डेव्ही.

आधी जाळीची गोष्ट.

१८१२ साली इंग्लंडच्या ईशान्य भागात फेलिंग इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. ९२ माणसं आणि पोरं गेली. खाणीत मिथेन साचायचा आणि उजेडासाठी तर ज्योत हवीच. १८१५ मध्ये लोकांनी डेव्हीला साकडं घातलं. त्याने काही महिन्यांत उत्तर शोधलं, आणि ते इतकं सोपं होतं की आधी कुणाला का सुचलं नाही असं वाटावं. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी गुंडाळायची, इंचाला २८ तारा. मिथेन जाळीतून आत येतो, आत जळतोही. पण ज्योत बाहेर येताना धातूची जाळी तिची उष्णता ओढून घेते आणि बाहेरच्या वायूला पेटायला लागतं तेवढं तापमानच उरत नाही. म्हणजे स्फोट होऊ न देणं असा हा उपाय नव्हताच. स्फोट आतल्या आत होऊ दे, बाहेर नको, असा होता. एक्सेप्शन कॅच करण्याचा बहुधा पहिला यशस्वी प्रयोग! डेव्हीने पेटंटही घेतलं नाही.

आता बोटीकडे या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. गाडीत गळती झाली तर वाफ खालून निघून जाते. बोटीला खालून भोक नसतं (असलं तर वेगळेच प्रश्न येतात). त्यामुळे वाफ बोटीच्या तळातल्या पोकळीत, म्हणजे बिल्जमध्ये, पाण्यासारखी साचून राहते. आणि तिथेच बॅटरी, स्टार्टर, पंप, सगळी ठिणग्या पाडणारी मंडळी बसलेली असतात. खाण आणि बिल्ज, दोन्हीकडे दुखणं तेच.

हे दुखणं माणसाने हौसेने घेतलं, हेही सांगायला हवं. १८८० च्या दशकात अमेरिकेत वाफेच्या बोटीवर परवानाधारक इंजिनीअर ठेवावा लागे, कारण बॉयलर फुटून माणसं मरत. त्यावर पळवाट म्हणून 'नॅफ्था लाँच' निघाल्या. बॉयलरमध्ये पाण्याऐवजी नॅफ्था उकळायचा आणि खाली जाळायचाही नॅफ्थाच! कायद्याच्या भाषेत ही 'स्टीम' नव्हे, म्हणून परवाना नको. डायनामाइटवाल्या आल्फ्रेड नोबेलकडेही अशी एक बोट होती. आवड आपली आपली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात बॅटरीवर चालणाऱ्या पन्नासाहून जास्त लाँच तळ्यांमधून लोकांना फिरवत होत्या, म्हणजे सुरक्षित पर्याय नव्हता असं नाही. पण लांब जायला बॅटरी पुरायची नाही, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पेट्रोल इंजिनाने सगळ्यांना मागे टाकलं.

मग नियम आले. अमेरिकेच्या १९४० च्या मोटरबोट कायद्याने पेट्रोल इंजिनाच्या कार्ब्युरेटरवर फ्लेम अरेस्टर सक्तीचा केला. इंजिनाने उलटी ज्वाला ओकली तर ती जाळीत विझावी म्हणून. हाच तो मी पाहिलेला डबा, म्हणजे डेव्हीचा दिवा उलटा करून बसवलेला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात विजेच्या भागांसाठीही नियम झाले. बोटीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर गाडीच्या स्टार्टर-अल्टरनेटरसारखेच दिसतात, पण आत ठिणगी पडली आणि तिथली वाफ पेटली तरी ज्वाला बाहेर पडू नये असे बांधलेले असतात. किंमत दुप्पट-तिप्पट. त्यामुळे 'दिसायला तर सेम आहे' म्हणून गाडीचा स्टार्टर बसवण्याचा मोह होतो. तो बसतो, चालतो, कित्येक वर्षं काही होत नाही. आणि मग एका दिवशी होतं. स्टार्ट करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवा, अशी पट्टी बोटीत लावलेली असते. कप्तान घड्याळ लावून चार मिनिटं थांबायचे. तेवढ्यात आमची कॉफी व्हायची.

पण डेव्हीच्या दिव्याचा शेवट गोड नाही. १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने हिशोब मांडला. डरहम आणि नॉर्थंबरलंड भागात दिवा येण्याआधीच्या १८ वर्षांत स्फोटात ४४७ माणसं मेली होती. दिवा आल्यानंतरच्या १८ वर्षांत ५३८. दिवा सुरक्षित आहे म्हटल्यावर मालकांनी आधी सोडून दिलेल्या, जास्त वायूच्या जागा पुन्हा उघडल्या आणि माणसं तिथे पाठवली. खाणीत माणसंही वाढली, कोळसाही वाढला. शिवाय हवेचा झोत जोरात आला तर ज्योत जाळीतून बाहेर पडायची. दिव्यात जी सुरक्षितता मिळाली, ती उत्पादनात खर्च झाली.

आता जस्ताची गोष्ट.

जहाजाचं लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. दोन वर्षांनी बघतात तर पत्रे छान, पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे पार कुजलेले. जिथे चुकून तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये कागद राहून गेला होता, तिथले खिळे मात्र ठणठणीत. दोन वेगळे धातू, मधे खारं पाणी, झाली बॅटरी तयार! फक्त १७६३ मध्ये बॅटरी म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. व्होल्टाची बॅटरी आली १८०० मध्ये.

डेव्हीने ती बॅटरी कोळून प्यायलेली होती. आरमाराने तांब्याचे पत्रे समुद्रात झिजतात अशी तक्रार त्याच्याकडे नेली. तो म्हणाला, तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडा. तो तुकडा झिजेल, तांबं वाचेल. 'समरंग' या जहाजावर प्रयोग झाला. तांबं खरंच झिजायचं थांबलं. टेस्ट पास!

आणि मग जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव असे काही चिकटले की वेग पडला. कारण तांबं हळूहळू झिजतं, त्याचं विष पाण्यात उतरतं, म्हणूनच तर त्यावर काही वाढत नव्हतं. सगळे ज्याला दोष समजत होते, तेच त्याचं काम होतं. काही वर्षांतच आरमाराने ते तुकडे काढून टाकायला लावले. डेव्हीची जाहीर टिंगल झाली. १८२९ मध्ये तो गेला. पण उपाय बरोबर होता, फक्त जागा चुकली होती. आज जवळपास प्रत्येक मोटर यॉटच्या शाफ्टवर, रडरवर असा बळीचा बकरा लटकलेला असतो.

या कथेला आणखी एक शेपूट आहे. धक्क्याला लावलेल्या बोटीला किनाऱ्यावरून वीज देतात. शॉक लागू नये म्हणून त्यात अर्थिंगची हिरवी वायर असते आणि ती बोटीच्या धातूला जोडलेली असते. अगदी योग्य. पण त्यामुळे धक्क्यावरच्या सगळ्या बोटी त्या एकाच वायरने एकमेकींना जोडल्या जातात. शेजाऱ्याचा कांस्याचा प्रोपेलर, तुमचं जस्त, मधे खारं पाणी... पुन्हा बॅटरी! तुमचं जस्त शेजाऱ्याची बोट वाचवायला लागतं, ते संपलं की तुमच्या शाफ्टचा नंबर. मग वैतागून कुणीतरी ती हिरवी वायरच तोडून टाकतो. जस्त वाचतं, पण आता शॉर्ट झालं तर पोहणारा माणूस जाऊ शकतो. यावर खरा तोडगा म्हणजे त्या वायरमध्ये डायोडच्या जोड्या टाकणं. सुमारे १.२ व्होल्टपर्यंतचा दाब त्या अडवतात, आणि धातूंमुळे तयार होणारा दाब सहसा त्याच्या आतच असतो. खरा शॉर्ट झाला की मात्र वीज त्यांतून बिनबोभाट निघून जाते. वायर तोडण्याआधी 'ही इथे का आहे?' असं विचारणाऱ्याला सुचलेला हा उपाय.

आता कप्तानांच्या इंजिनाकडे. शेवटी एक मेकॅनिक आला आणि त्याने इंजिनाचं हेड उघडलं. व्हॉल्व्हवर डांबरासारखा काळा, चिकट थर. फिल्टर स्वच्छ! मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, "टाकी कशाची आहे?"

टाकी फायबरग्लासची होती. पूर्वी लोखंडी टाक्या असायच्या, त्या बिल्जच्या ओलीत गंजायच्या. म्हणून साठ-सत्तरच्या दशकात काही बोटबांधणाऱ्यांनी फायबरग्लास वापरलं. गंज नाही, गॅल्व्हॅनिक भानगड नाही, एकदम मस्त. तीस वर्षं काही झालं नाही.

बदललं होतं ते पंपावर. १९२० च्या दशकात इंजिनाची खटखट थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं आलं. शिसं विषारी, म्हणून ते काढताना ऑक्टेन टिकवायला एमटीबीई आलं. एमटीबीई विहिरींच्या पाण्यात उतरायला लागलं, म्हणून १ जानेवारी २००४ पासून कनेक्टिकट आणि न्यूयॉर्कने ते बंद केलं. त्याच्या जागी आलं दहा टक्के इथेनॉल. आणि त्या जुन्या टाक्यांमधलं रेझिन इथेनॉलमध्ये विरघळतं. विरघळलेलं रेझिन द्रवच असल्यामुळे फिल्टरमधून आरामात निघून जातं आणि गरम व्हॉल्व्हवर पोचलं की थर धरतं. आम्ही तीन महिने फिल्टर बदलत होतो, आणि फिल्टर बिचारा आपलं काम चोख करत होता. या साखळीत वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण पंपावर इंधन बदलणाऱ्यांच्या यादीत १९७० च्या बोटी नव्हत्या, आणि टाकी बनवणाऱ्यांच्या यादीत २००४ चं पेट्रोल नव्हतं.

(मग डिझेल का नाही? मोठ्या यॉटवर डिझेलच असतं, त्याची वाफ अशी सहज पेटत नाही. पण डिझेलच्या टाकीत तळाला पाणी साचलं की त्यात सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा गाळ फिल्टर बुजवतो. सुटका नाही.)

कप्तानांनी हिशोब केला. टाकी काढायची तर आधी इंजिन बाहेर काढायचं, वरचं डेक कापायचं. बोटीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त. तरी त्यांनी ते केलं, ॲल्युमिनियमची टाकी बसवली. मी विचारलं, ॲल्युमिनियम गंजत नाही का? ते हसले. "गंजतं. ओला फोम चिकटून राहिला तर भोकंसुद्धा पडतात. म्हणून हवा खेळती ठेवून बसवली आहे. आणि तारीख लिहून ठेवली आहे." इंजिनरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी मार्करने लिहिलं होतं : टाकी कशाची, कधी बसवली, का बदलली, आणि पुढच्या मालकाने काय तपासावं.

एवढ्या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात भावलं ते हे दारामागचं लिखाण. डेव्हीसारखी बुद्धी आपल्याकडे नसेल. पण आपण कुठला उपाय कशासाठी केला आणि तो कशावर अवलंबून आहे, हे पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायला बुद्धी कुठे लागते? मी स्वतः तेव्हा ज्या मॉड्यूलवर काम करत होतो, त्यात एक विचित्र अट होती, का आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मी ती काढणार होतो. त्या सोमवारी काढली नाही. आधी शोधली. (होती बुवा, कारण होतं!)

आता आपल्याकडेही पेट्रोलमधलं इथेनॉल २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचलं आहे. घरी बाबांची जुनी स्कूटर झाकून ठेवलेली असेल तर एकदा तिचे रबरी पाईप आणि टाकी बघून घ्या. "मी तर हातसुद्धा लावला नाही" हे स्कूटरला ऐकू येत नाही.

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.